दुपारच्या टेस्टला येणारा दादा

संपादक महाराज आणि वाचकहो, आधी माफी मागतो. आपल्या मासिकातलं हे अनुभवांचं सदर मी वसतिगृहात नेमानं वाचतो. पण त्यात लिहिणारे वकील, मास्तर, तहसीलदार अशी मोठी माणसं असतात. मी इंटरच्या वर्गातला एक विद्यार्थी. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि माझं सगळं शिक्षण उर्दूतून झालेलं. मराठी लिहिताना अजून हात अडखळतो. तीनदा हा कागद फाडून टाकला... कुठं चुकलं तर सांभाळून घ्यावं.

दुसरं सांगायचं म्हणजे, भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. माझा विषय विज्ञान. गल्लीतल्या बायका चिंचेखालून जाताना पदर डोक्यावर घ्यायच्या तेव्हा मी हसायचो. आजही मी भूत पाहिलं असं म्हणणार नाही, कारण पाहिलं काहीच नाही. फक्त ऐकलं — तेही भर दुपारी, हेडफोन लावून, माझ्या शेजारी दुसरा जाणता माणूस बसलेला असताना.

आमचं घर जुन्या जालन्यात, धान्याच्या अडतींच्या मागच्या गल्लीत. अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. निजामी राजवटीचे ते शेवटचे महिने. औरंगाबादला आमचं कॉलेज नावापुरतं चालू होतं, पोरं आपापल्या गावी निघून गेली होती. मीही घरी आलो आणि रुळांशेजारच्या, कापसातली सरकी काढून गाठी बांधणाऱ्या एका जिन-प्रेसमध्ये वायरलेसच्या खोलीत कामाला लागलो. या जिनचं एक धाकटं जिन अंबडच्या पुढं, गोदावरीच्या अलीकडं होतं. तिकडच्या गाठी किती, गाड्या कधी निघाल्या, हे कळायला दोन-दोन दिवस लागत. म्हणून लढाई संपल्यावर मालकांनी फौजेतले दोन जुने वायरलेस सेट घेतले, हैदराबादहून परवाना आणला, आणि एक सेट इथं, एक तिथं असे बसवले.

त्या खोलीचा कारभार करीमसाबांकडं होता. लढाईत ते सिग्नलच्या पलटणीत होते. उंच, सडपातळ, कानामागं कायम पेन्सिल. मला ते "प्रोफेसर" म्हणायचे, आणि ते कौतुकानं नव्हे. पहिल्याच दिवशी मी व्हॉल्व्हबद्दल, म्हणजे सेटमधल्या काचेच्या दिव्यांबद्दल, पुस्तकातलं काही बोलायला लागलो, तर म्हणाले, "प्रोफेसर, ये सेट अंग्रेजी नहीं समझता. ये पानी समझता. बॅटरी देखे क्या?"

मी बॅटरी पाहिली नव्हती.

पुढं सगळं शिकलो. वायरलेसचं काम म्हणजे बोलण्याचं काम, असं बाहेरच्यांना वाटतं. खरं तर ते साफसफाईचं काम आहे. बॅटरीच्या टोकांवर पांढरा क्षार चढतो, तो पुसून व्हॅसलीन लावायचं. आतलं पाणी उतरलं की डिस्टिल्ड वॉटर घालायचं, विहिरीचं बिलकुल नाही. हायड्रोमीटर नावाची काचेची नळी बुडवून ॲसिडचा जोर बघायचा. एरियल म्हणजे खांबावर ताणलेली तार, तिच्या चिनी मातीच्या गुट्ट्यांवरची धूळ पुसायची — जिनमध्ये कापसाचं तूस उडतं, ते गुट्ट्यांवर बसून ओलं झालं की सेटचा जोर जमिनीत उतरून जातो. अर्थिंग म्हणजे जमिनीत पुरलेली तांब्याची पट्टी, उन्हाळ्यात तिच्या बुडाशी रोज घागरभर पाणी ओतायचं. आणि फ्रिक्वेन्सी म्हणजे... दोन माणसांनी भजनात एकाच पट्टीत गावं तसे दोन सेट एका पट्टीत लावायचे. पट्टी जरा सरकली की दोघं ओरडून मेले तरी एकमेकांना ऐकू जात नाही.

बोलणं तोंडानं नसे. की नावाची छोटी पितळी दांडी बोटानं दाबायची — डॉट आणि डॅश, त्यांची अक्षरं, अक्षरांचे शब्द. अक्षरं इंग्रजी, भाषा आमचीच.

तिकडच्या सेटवर माझा थोरला भाऊ होता. माणिक त्याचं नाव, मी दादा म्हणतो. वडील गेल्यावर दादा चौथीतून उठला आणि जिनमध्ये हमालीला लागला. करीमसाबांनी त्याचे कान तयार केले. सहा महिन्यांत तो त्यांच्या बरोबरीनं की वाजवायला लागला. लग्नाचं काढलं की माझ्याकडं बोट दाखवायचा, "ह्याचं कॉलेज होऊ द्या आधी."

या धंद्यातली एक गोष्ट वाचकांना सांगायला हवी, नाहीतर पुढचं समजणार नाही. की वाजवणाऱ्या प्रत्येक माणसाचा एक हात असतो. हात म्हणजे त्याची ढब. कोण डॉट तोडून वाजवतं, कोण दोन शब्दांत श्वास घेतल्यासारखं थांबतं. जाणता ऑपरेटर दोन अक्षरांत सांगतो, हा अमका. दादा वाक्याची शेवटची डॅश लांब ओढायचा, लांबून बैलाला हाक द्यावी तशी. करीमसाब हेडफोन काढून म्हणायचे, "आ गए तुम्हारे गाडीवान." फौजेत म्हणे कागदावरच्या सहीपेक्षा हातावर भरवसा ठेवत. सही कुणीही गिरवील, पण हात गिरवता येत नाही.

हंगाम संपल्यावर तिकडच्या जिनमध्ये उरलेल्या गाठी राखायला दोघंच राहिले, दादा आणि गणपत नावाचा राखणदार. वैशाखात रस्ते बंद झाले. रझाकारीचे दिवस होते, मधली गावं ओस पडत होती. बैलगाड्या निघत नव्हत्या आणि टपाल थांबलं होतं. आता तिकडची खबर कळायला सेट तेवढा राहिला. रोज दुपारच्या नमाजानंतर करीमसाब येऊन सेट उघडायचे आणि टेस्ट व्हायची. टेस्ट म्हणजे एवढंच, की ऐकू येतं का, बॅटरी कशी आहे, आणि सर्व ठीक. घरगुती बोलायची परवान्यात मुभा नव्हती, तरी शेवटी दादा एक शब्द टाकायचा — "माय?" मी उलट "बरी" असं वाजवायचो.

एका संध्याकाळी मोठं वावधान सुटलं. आमच्या इथं प्रेसचे दोन पत्रे उडाले. दुसऱ्या दुपारी दादाचं उत्तर आलं नाही. करीमसाब म्हणाले, वादळ झालंय, एरियल ढिली पडली असेल, उद्या बघू. त्याच्या दुसऱ्या दुपारीही काही नाही. हेडफोनमध्ये फक्त तळणीतल्या तेलासारखी चरचर.

जिनचा कायदा होता — लागोपाठ दोन टेस्ट चुकल्या की माणूस पाठवायचा. पण त्या दिवसांत जाणार कोण? जिनच्या गाडीवानांनी तोंडं फिरवली. त्यांना तरी दोष कसा द्यायचा. मी घरी येऊन सांगितलं तेव्हा सखाराममामा भिंतीला टेकून अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. मायचे हे धाकटे भाऊ आमच्याच घरी राहायचे. त्यांनी सुपारी खाली ठेवली.

"म्या जातो. मेंढक्यावानी घोंगडं टाकतो खांद्यावर आन वावरावावरानं जातो. म्हाताऱ्याला कोण काय करतंय?"

माय म्हणाली, "तू कुठला म्हातारा? परवाच मिशीला काळं लावून राह्यला व्हतास."

"ते लग्नासाठी लावलं व्हतं."

"कुणाच्या?"

त्या परिस्थितीतही आम्ही हसलो. मायनं भाकरी बांधल्या. करीमसाबांशी बोलून मामांनी दुसऱ्या दिवशी, दिवस कलताना निघावं असं ठरलं. मी आपला सवयीनं दुपारी सेटवर जाऊन बसलो. करीमसाब नमाजाहून आले, सेट तापायला ठेवला, आणि हेडफोनची एक बाजू माझ्याकडं दिली.

दादा आला.

आमच्या स्टेशनची खूण, त्याच्या स्टेशनची खूण, आणि मग — "मी बरा. एरियल पडली होती. उभी केली. मामाला पाठवू नको. रस्ता खराब." शेवटची डॅश लांब ओढलेली.

करीमसाबांनी डोळे मिटून "अल्हम्दुलिल्लाह" म्हटलं. मी कीवर हात ठेवला. "माय बरी," एवढंच वाजवलं आणि घराकडं पळत सुटलो. मायनं देवापुढं साखर ठेवली. मामांनी भाकरीचं गाठोडं सोडलं आणि तिथंच बसून दोन भाकरी खाल्ल्या.

मामा निघणार आहेत हे मी सेटवर कळवलेलं नव्हतं. सेट तर दोन दिवस मुकाच होता. ही गोष्ट त्या दिवशी माझ्या लक्षातसुद्धा आली नाही. आनंदात माणूस असलं काही बघत नाही...

मग रोज दुपारी तो यायचा. ठीक. बॅटरी ठीक. मी बरा. रस्ता खराब, येऊ नका. रोज तेच, आणि मी रोज घरी जाऊन तेच सांगायचो. एवढं मात्र जाणवलं की आता तो शेवटी "माय?" विचारत नव्हता. मला वाटलं, बॅटरी वाचवत असेल.

मायला मात्र चैन नव्हतं. आईची समजूत काढायला मी वायरलेसचं शास्त्र समजावत बसलो — लहरी, पट्टी, हात. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुझं ते टकटक मला न्हाई कळत बापू. त्याला येवढंच इचार. जायच्या दिशी माझ्या हातचं काय खाऊन गेल्ता?"

मी दुसऱ्या दुपारी विचारलं. उत्तर मला ठाऊक नव्हतं. दादा तिकडच्या जिनवर निघाला त्या दिवशी मी औरंगाबादला होतो. थोडा वेळ चरचर झाली, मग आलं — "काही नाही. ताट तसंच राहिलं."

घरी येऊन सांगितलं तशी माय चुलीपुढं खाली बसली. "गाडी दारात आल्ती," ती म्हणाली. "धपाटं केल्तं. हात बी न्हाई लावला." आणि पदरात तोंड घालून रडली, पण ते रडणं सुखाचं होतं. "त्योच हाय. माझं लेकरूच हाय."

त्यानंतर आमच्या घरात कुणी शंका काढली नाही.

शंका काढली करीमसाबांनी, आणि ती बॅटरीवरून. तिकडं चार्जिंगची सोय नव्हती. डायनॅमो फक्त जालन्याच्या प्रेसमध्ये. रिकामी बॅटरी गाडीनं इकडं यायची, भरलेली तिकडं जायची. रस्ते बंद झाले तेव्हा दादाकडं एकच बॅटरी होती, आणि जोडीची भरलेली बॅटरी आमच्या खोलीत माझ्या पायाशी पडून होती. मी रोज तिला पुसत होतो. एका बॅटरीवर सेट आठ-दहा दिवस चालतो, फार काटकसर केली तर थोडा जास्त. मग आवाज आधी बारीक होतो, नंतर सूर डगमगतो, दांडी दाबली की कुईं असा वाकडा निघतो. दादाचा सूर महिना होत आला तरी सरळ होता. उलट आता तो पहिल्यापेक्षा साफ यायचा. भर दुपारी, जेव्हा एरवी चरचरीतून शब्द उपसून काढावे लागत, तेव्हा तो शेजारच्या खोलीतून यावा तसा.

करीमसाब म्हणाले, "माणिकराव की बॅटरी है या कुआँ है?"

मी हसलो. ते हसले नाहीत. "प्रोफेसर, एरियल निकालो."

मी एरियलची तार सेटमधून उपसली. दादा बंद. परत लावली, दादा चालू. म्हणजे आवाज आमच्याच सेटच्या पोटातला नव्हता, हवेतून येत होता. मग त्यांनी एरियलच्या जागी हातभर तार लावली. जवळपास कुणी दुसरा सेट लावून चेष्टा करत असता तर तेवढ्या तारेवरसुद्धा ऐकू आलं असतं. काही आलं नाही. म्हणजे आवाज लांबून येत होता. त्यांनी व्हॉल्व्ह बदलून पाहिले, अर्थिंग उकरून तांब्याची नवी पट्टी पुरली. शेवटी स्वतः कीवर बसून विचारलं, बॅटरी कुठून भरली?

उत्तर आलं — "ठीक."

पुन्हा विचारलं. पुन्हा "ठीक."

मामा त्या दिवशी मला बोलवायला जिनमध्ये आले होते. दारात उभे राहून सगळं पाहत होते. म्हणाले, "करीमभाई, तुमचं मन खातंय तर म्या जाऊन येतो ना. भाच्याला भेटन, बॅटरी बी दिसन."

नाडी बघावी तसे करीमसाबांनी हेडफोन कानाला दाबून धरले होते. मग म्हणाले, "नक्को भाई. रास्ते में कट जाओगे. बॅटरी मेरे समझ में नहीं आती, मगर हाथ उसीच का है. मैं सिखाया हूँ उसको. हाथ में गलती नहीं."

मीही मान हलवली. मामा परत फिरले.

आणि मग एक दिवस दादा आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आम्ही सेटला सूर्य मावळेपर्यंत चिकटून राहिलो. या वेळी मामा कुणाला विचारायला थांबले नाहीत. घोंगडं टाकून गेले.

मामा परतेपर्यंतच्या दिवसांत, आणि त्यानंतर आजपर्यंत, मी सगळे मार्ग तपासून पाहिले आहेत. कॉलेज पुन्हा सुरू झाल्यावर आमच्या फिजिक्सच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, लहरी कधी कधी आकाशातून परावर्तित होऊन उशिरा येतात. पण उशिरा म्हणजे क्षणभर... महिनाभर नव्हे. आणि परत आलेली लहर नवीन प्रश्नाला उत्तर देत नाही. ते म्हणाले, तुझ्या मनाचे खेळ. पण करीमसाबांनी स्वतंत्र ऐकलं होतं, आणि ताटाची गोष्ट माझ्या मनात नव्हतीच. कुणी शत्रूनं हात गिरवला म्हणावं, तर आमच्यासारख्या हमालाच्या घरावर इतकी मेहनत कोण घेईल, आणि मिळवेल काय? करीमसाबांनी त्यानंतर कीला हात लावला नाही. प्रेस सोडून ते नांदेडकडं मुलीजवळ गेले. जाताना एवढंच म्हणाले, "मेरे कान मेरे नहीं रहे." वाचकांत कुणी या शास्त्रातलं जाणकार असेल तर त्यांनी सांगावं, मी हात जोडून विचारतो. ते जे काही होतं, त्याला आमच्या घरातलं ठाऊक होतं. त्याला मामांचं ठाऊक होतं. आणि मामांनी जाऊ नये, एवढंच त्याला हवं होतं.

मामा परतले ते एकटे नव्हते. अंबडच्या अलीकडं एका विहिरीवर त्यांना गणपत राखणदार भेटला होता, तो जालन्याकडंच निघाला होता. मामा दारातून आत आले नाहीत. गल्लीत भिंतीला धरून उभे राहिले. गणपत ओसरीवर बसला, तांब्याभर पाणी प्यायला, आणि खाली बघूनच बोलत राहिला.

"वावधान सुटलं ना, त्या सांजंला खांब कलला. माणिकराव दोर आवळाया वर चढल्ते. खांब बुडातून मोडला. मांडीचं हाड भाईर आल्तं. खांबाच्या तारंनं आतला सेट बी टेबलावरून खाली वढला. काचंचे दिवे समदे फुटले."

मी विचारलं, मग सेट पुन्हा कधी लावला?

"सेट कुठला लावतो? त्याच राती पोत्यात बांधून ठिवला म्या. त्यो तसाच हाय."

माय उंबऱ्यात होती. तिनं विचारलं, "कवा गेला?"

"आठ दिस बी झाले न्हाईत, माय. लई झुंजले. पाय सडला, ताप उतरंना, पर सुद व्हती. म्या रोज म्हणायचो, जातो जालन्याला, माणसं आणतो, बाजंवर घालून नेऊ. जाऊच देईनात. म्हणायचे, सेट मुका झाला का बापूला कळतंय. दोन दुपार वाट पाहील आन मामाला धाडील. तू नको जाऊ गणपत, मला एकटं ठिवून. मामा निघालाच आसन."